बाळकोबा मास्तरांचा शेवटचा रकाना

लिहिण्याची मला सवय नाही आणि अधिकार तर नाहीच. आमच्या आगरी घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. माझ्या आधीच्या पिढ्यांनी ठाण्याच्या खाडीकाठी मीठ पिकवले आणि कागद समोर आला की अंगठा उठवला. मुंबईस कॉलेजात दोन वर्षे काढली म्हणून कोणाचे चित्र रेखाटण्याइतका हात तयार होतो, असे मी समजत नाही. तेव्हा ह्या लेखात जे उणे दिसेल त्याची वाचकांनी क्षमा करावी. ज्या गृहस्थांविषयी लिहितो आहे त्यांच्याशी मी वेळेवर चार शब्द बोललो असतो, तर हे धाडस करण्याची वेळच आली नसती.

ठाण्याच्या इंग्रजी शाळेतले आमचे बाळकोबा मास्तर परीक्षेत पकडलेली चिठ्ठी तपासून तिला मार्क देत.

पेपर चालू असताना ते बाकांमधून फिरत. चष्म्याची एक दांडी मोडलेली असल्यामुळे तो दोऱ्याने कानाला बांधलेला. तांबड्या शाईची छोटी दौत गळ्यात अडकवलेली आणि बोरू कानावर. एखाद्या मुलाचा हात उगाच पागोट्याकडे जाऊ लागला की ते त्याच्यासमोर येऊन उभे राहत आणि अगदी हळू म्हणत, "मुद्देमाल काढ." ओरडणे नाही, कान पिळणे नाही. चिठ्ठी हाती आली की ती खिडकीच्या उजेडात नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. मग तांबड्या शाईने तिच्यातल्या चुका दुरुस्त करीत आणि खाली मार्क घालीत. "अरे, चोरलंस ते तरी बरोबर चोर," असे म्हणून दुःखाने मान हलवीत. चिठ्ठी बिनचूक निघाली तर त्यांना फार आनंद होई. "पाचांत पाच! एवढं शुद्ध लिहिता येतं तर चिठ्ठी कशाला रे बाबा?"

मास्तर पूर्वी ठाण्याच्या कोर्टात नकलनवीस होते. बारा वर्षे त्यांनी निकालांच्या नकला केल्या आणि मग शाळेत आले. कोर्ट सुटले, पण कोर्टाची भाषा सुटली नाही. पकडलेला मुलगा तो आरोपी, त्याच्या शेजारचा तो साक्षीदार, आणि प्रत्येक चिठ्ठीचा पंचनामा. तो लिहिण्यासाठी त्यांच्याकडे एक जाड वही होती. गणू सोनाराच्या पंचनाम्याची हकिकत शाळेत सर्वांना पाठ होती. गणू कल्याणचा, आगगाडीने शाळेत येई. त्याच्या पागोट्यात चिठ्ठी आहे हे मास्तरांनी ओळखले आणि पागोटे सोडायला सांगितले. ते सुटता सुटेना. वर्गाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले, दोन मुले त्यात गुरफटली, आणि मास्तर शांतपणे लिहीत होते: "आरोपीच्या पागोट्याच्या तिसऱ्या वेढ्यात, डाव्या कानाच्या वर चार बोटे, एक चिठ्ठी मिळाली. अक्षर मोहरीएवढे, पण सुवाच्य. पंचांनी अक्षराची तारीफ केली." पंच म्हणजे ते स्वतःच.

त्या वहीत पाच रकाने होते. नाव, मुद्देमाल, मार्क, कारण आणि परिणाम.

पहिले तीन रकाने तिथल्या तिथे भरत. चौथ्यासाठी ते आरोपीला जवळ बसवून विचारीत, "का केलंस?" आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहीत. त्यावर शेरा नाही, उपदेश नाही. पाचवा रकाना कोरा राही. तो भरायला कधी दोन वर्षे लागत, कधी दहा. मुलगा शाळा सोडून जाई, पोटापाण्याला लागे, त्याचे लग्न होई, आणि मग एखाद्या रविवारी बाळकोबा मास्तर छत्री आणि वही घेऊन त्याच्या दारात उभे राहत. "काय रे, तुझा परिणाम घ्यायला आलो आहे."

गणूचा परिणाम घेण्यासाठी ते आगगाडीने कल्याणला गेले. गणू बाजारात बसून भांड्यांवर नावे घालीत होता. मास्तरांनी पिशवीतून आपला तांब्या काढून दिला आणि गणू नाव कोरीपर्यंत पायरीवर बसून राहिले. मग चष्मा सारखा करून एकेक अक्षर तपासले आणि तिथेच वहीत लिहिले, "भांड्यांवर नावे घालतो. अक्षर अजून उत्तम."

सगळेच गणूसारखे सरळ नव्हते. नौपाड्याला एक वकील होते, दादासाहेब. मोठी वकिली आणि दारात घोड्याची गाडी. पण अकरा वर्षांचे असताना अपूर्णांकांच्या पेपराला त्यांच्या सदऱ्याच्या बाहीतून चिठ्ठी निघाली होती, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होते. मास्तर दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जात. दर वेळी वकीलीणबाई दाराआडून सांगत, "घरात नाहीत हो."

"जोडे तर आहेत," मास्तर म्हणत.

"दुसरे घालून गेलेत."

"बरं, बरं. मग एवढंच विचारून ठेवा, की वकिलीत अपूर्णांक लागतात का? आणि लागले तर कोण करतं?"

एकदा आतून कोणीतरी खोकले. मास्तरांनी ओसरीवर बसून वहीत पेन्सिलीने लिहिले, "जोडे आहेत, साहेब नाहीत," आणि घरी गेले. पेन्सिलीने लिहिलेले त्यांच्या हिशेबी कच्चे असे. परिणाम शाईनेच लिहायचा, आणि आरोपी हयात असेल तर त्याने स्वतः सांगितल्याखेरीज लिहायचा नाही, हा त्यांचा नियम.

खोकण्यावरून आठवले. शिक्षणखात्याचे डिपुटीसाहेब वर्षातून एकदा परीक्षा घ्यायला येत आणि शाळेची ग्रँट त्या निकालावर ठरे. म्हणून तिसऱ्या इयत्तेच्या जुन्या मास्तरांनी मुलांना एक युक्ती शिकवून ठेवली होती. मुलाचे उत्तर चुकले की डिपुटींच्या मागे उभे राहून खोकायचे, म्हणजे मुलगा उत्तर बदली. ते मास्तर बदलून गेले आणि वर्ग बाळकोबांकडे आला. त्यांना ह्या युक्तीचा पत्ता नव्हता. डिपुटी आले त्या दिवशी त्यांना सणसणून पडसे झालेले.

"गोदावरी कोठे उगम पावते?" डिपुटींनी विचारले.

"त्र्यंबकेश्वरी," मुलगा म्हणाला. मास्तर खोकले.

"महाबळेश्वरी." पुन्हा खोकले.

"हिमालयात!" मुलगा रडकुंडीला आला. मास्तरांना ठसकाच लागला.

"बंगालच्या उपसागरात!" आणि ह्या वेळी मास्तरांना नुसती शिंक आली, तेव्हा मुलगा समाधानाने खाली बसला.

सगळा वर्ग असाच गेला. हेडमास्तर आठ दिवस बाळकोबांशी बोलले नाहीत. खरा प्रकार कळल्यावर बाळकोबांनी वहीत नोंद केली. "आरोपी: स्वतः. मुद्देमाल: खोकला. मार्क: शून्य. कारण: पडसे. परिणाम: पोरांचा आपल्या बरोबर उत्तरावरचा विश्वास उडाला." हे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले आहे. ते मास्तर विनोदाने लिहीत होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ह्या सगळ्या नोंदी मी कशा वाचल्या, ते सांगणे आता भाग आहे. मी स्वतः त्या वहीत होतो.

मॅट्रिकला कोणाला पाठवायचे हे ठरवणारी शाळेची परीक्षा होती. जो पास होईल त्याचा फॉर्म मुंबईस जायचा. जो चिठ्ठीसह सापडेल त्याचे नाव हेडमास्तर पटावरून काढीत. इतिहासाचा पेपर. इंग्लंडच्या एका राजाने सहा बायका केल्या, त्यांची नावे मला काही केल्या पाठ होत नव्हती. ती मी एका चिटोऱ्यावर लिहून डोक्याच्या रुमालाच्या घडीत ठेवली. अर्ध्या तासात मास्तर समोर उभे. "मुद्देमाल काढ."

त्यांनी चिठ्ठी खिडकीपाशी नेऊन वाचली आणि माझ्या कानाशी वाकले. "नाथा, पाचच आहेत. एवढ्या लांब इंग्लंडातून बायका आणल्यास आणि एक वाटेत विसरलास?" मग तांबड्या शाईने सहावे नाव लिहिले.

पेपर संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले. आरोपीला शिक्षा एकच, वहीच्या पुढच्या पानांवर रकाने आखून द्यायचे. मी रेघा मारीत मागची पाने चाळली. "सदू. कारण: बहिणीचे लग्न होते, घरात दिवा मोकळा नव्हता. परिणाम: वाण्याचे दुकान. तोल चोख, अर्धा शेर डाळ घरी नेऊन तोलून पाहिली." "विठू. कारण: बाप मारतो. परिणाम: आगगाडीच्या इंजिनावर कोळसा टाकतो. हात भाजला होता, आता बरा. मुलाला मारत नाही." "जगन्नाथ. कारण: पहिला नंबर गेला असता. परिणाम: तापाने वारला. आईला भेटलो. चिठ्ठीची गोष्ट तिला सांगितली नाही."

मला वाटले होते की परिणामाच्या रकान्यात वाईटच असेल. चोरी करणारा पुढे कसा बुडतो हे मुलांना दाखवण्यासाठी मास्तर ही वही राखत असावेत, असा आमचा सर्वांचा समज होता. तसे तिथे काही नव्हते. बुडालेले दोन-तीन होते, बाकीची नुसती माणसे होती.

"मास्तर, हे कशाला लिहिता?" मी धीर करून विचारले.

ते बोरू पुसत म्हणाले, "बारा वर्षं निकालांच्या नकला केल्या रे. अमक्यानं चोरी केली, सहा महिने तुरुंग. खाली सही, शिक्का, संपलं. पुढं त्याचं काय झालं? सुटून घरी गेला का? घर होतं का? कुणी लिहून ठेवत नाही. मला रात्री जेवताना ती माणसं आठवायची." मग एकदम कोर्टाच्या आवाजात, "बरं. कारण सांग."

नापास झालो तर दुसऱ्या दिवसापासून मिठागरावर जायचे होते. बा तिथे मुकादम होता, पण त्याच्या पायांच्या भेगांत मीठ जाऊन तो संध्याकाळी पाय पाण्यात सोडून बसे, आणि आई त्याच्याकडे न बघता भात वाढी. हे सगळे कसे सांगायचे ते मला कळेना. मी म्हणालो, "मीठ."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. लिहिले, "कारण: मीठ." पुढे काही विचारले नाही.

मग त्यांनी मला सहाही नावे तोंडपाठ म्हणायला लावली आणि त्या प्रश्नाचे अर्धे मार्क दिले. हेडमास्तरांकडे गेले नाहीत. "शिक्षा देणं हे माझं काम नाही. मी कारकून," ते म्हणाले. "पण एक अट आहे. तुझा परिणाम सांगायला तू स्वतः यायचं. खोपटला माझी खोली आहे, पिंपळाच्या समोर. मला शोधायला लावू नकोस. आता गुडघे दुखतात."

मी कबूल केले. जाताना त्यांनी तपासलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. "मुद्देमाल परत. पाच बरोबर होत्या, एवढं लक्षात ठेव."

मॅट्रिकला मुंबईस गेलो तेव्हा ती चिठ्ठी माझ्या रुमालात होती. वापरण्यासाठी नव्हे. मास्तरांच्या हाताचे अक्षर जवळ असावे, एवढेच मनात होते. निदान तसे मी स्वतःला सांगितले. इतिहासाच्या पेपरात तोच राजा आला. पाच नावे झरझर लिहिली. सहावे आठवेना. त्याचा तांबडा रंग आठवत होता, नाव आठवत नव्हते. माझा हात डोके खाजवल्यासारखा वर गेला. कोणी पाहिले नाही. तिथे बाळकोबा मास्तर नव्हते.

मी पास झालो. त्या एका नावामुळे झालो, की त्याच्याशिवायही झालो असतो, हे मला ठाऊक नाही आणि कधी कळणार नाही. लोक माझे अभिनंदन करतात तेव्हा मला हे आठवते. परिणाम म्हणून सांगण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे, आणि तेच सांगायला जायचे होते. दुरुस्ती त्यांनी केली होती आणि नक्कल मी. त्यांच्यासमोर हे तोंडातून कसे निघावे?

पहिल्या सुट्टीत म्हटले, पुढच्या सुट्टीत जाऊ. पुढच्या सुट्टीत खोपटची वाट टाळून शेतांतून फिरून घरी गेलो. एकदा ठाणे स्टेशनावर ते दिसले. छत्री, वही, कल्याणच्या गाडीची वाट पाहत उभे. मी गोणींच्या थप्पीआड झालो. कॉलेजात गेल्यावर घेतलेले नवे करकरणारे जोडे पायात होते. गाडी गेल्यावर दादासाहेब वकिलांची आठवण झाली. माझेही जोडे थप्पीच्या कडेने दिसत असतील, हे मला तोवर सुचले नव्हते.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बा म्हणाला, "नाथ्या, तुजा मास्तर आलता मिठागरावं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "काय म्हणाले?"

"उन्हाचा चालत आला रं, म्हातारा मानूस. बांधावं बसला. मना बोलला, मुकादम, मुलाचं काय झालं? मी बोललो, पास जाला, कालेजान हाय. लय खूश जाला. माज्या हातचा पानी प्याला."

"वहीत लिहिलं?"

"नाय. वही उघारली, पन लिवला नाय. बोलला, हे ऐकीव आहे, ऐकीव पुरावा चालत नाही. नाथानं स्वतः सांगायचं." बा हसला. "मी त्याचा बापूस, मी खोटा सांगन काय? आनि तू जात का नाय रं त्याचेकरं? त्यानी काय केलाय तुजा?"

"त्यांनी काही नाही केलं," मी म्हणालो. माघात परीक्षा होती. ती झाली की नक्की जाईन, असे मी बाला सांगितले आणि खरेच ठरवले. काय बोलायचे ते एका कागदावर लिहूनही काढले. ते वाचून माझे मलाच हसू आले. मास्तरांना सांगायच्या चार वाक्यांचीसुद्धा मी चिठ्ठी केली होती.

परीक्षा संपली त्याच्या तिसऱ्या दिवशी बा माझ्या मुंबईच्या बिऱ्हाडी आला. मीठ वाहणाऱ्या मचव्यातून, खाडीच्या वाटेने आला होता. तो कधी असा न सांगता येत नाही. पायरीवरच बसला, डोक्याचे फडके काढून गुडघ्यावर ठेवले.

"मास्तर गेला रं," तो म्हणाला. "मंगलवारी."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"पंधरा दीस पडून होता. मना कललं तसा मी गेलतो, अंगनान उभा रायलो. तो मोठा वकील, नौपाड्याचा, तो तवा तिथंच बसलेला. रोज येयाचा बोलतान. मास्तरानी त्याला सांगून ठेवला होता, वही कोनाला वाचू देऊ नका, माझ्याबरोबर ठेवा. तर वकिलानी ती सरनावं मास्तराचे छातीवं ठेवली. उघारली नाय. खांद्याला पन तोच पयला होता, आनि कल्यानचा एक सोनार. जोरे नव्हते पायान वकिलाच्या."

"वकिलांचा परिणाम लिहिला होता?" मी विचारले. बाला ते कळले नाही. मी पुन्हा विचारले, "बा, वहीत काही राहिलं होतं का?"

"ताच सांगतंय ना. मी अंगनान होतो तवा मास्तरानी वकिलाला वही धरायला लावली आनि दारातून मना दाखवली. बोलला, मुकादम, सगळ्यांचं भरलं. तुमच्या मुलाची जागा तेवढी ठेवली आहे, त्याला म्हणावं सवडीनं ये." बाने फडके झटकले आणि पुन्हा गुडघ्यावर पसरले. "मना वाचता येत नाय. पन कोरी जागा दिसतं."